वेबसाइटचं काम कुणी करायचं: तुमच्या फोनने की दूरच्या सर्व्हरने?

3 डिसेंबर 2025 ला रिॲक्ट या सॉफ्टवेअरमधला एक गंभीर दोष ते बनवणाऱ्यांनीच जाहीर केला. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला 10 पैकी 10 गुण होते. लॉगिन नको, पासवर्ड नको. विशिष्ट तऱ्हेने रचलेली एक विनंती पाठवली की परक्या माणसाला दुसऱ्याच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. दोन दिवसांनी, 5 तारखेला भरदुपारी, असंख्य वेबसाइटच्या पुढे उभं राहून त्यांची रहदारी सांभाळणारी क्लाउडफ्लेअर ही कंपनी याच दोषापासून ग्राहकांचं रक्षण करण्यासाठी आपल्या यंत्रणेत बदल करत होती. तो बदलच उलटला आणि जगभरातल्या असंख्य वेबसाइट सुमारे 25 मिनिटं बंद पडल्या. आपल्याकडे तेव्हा शेअर बाजार चालू होता.

ही बातमी वाचून गोंधळ होणं साहजिक आहे. रिॲक्ट हे ब्राउझरमध्ये, म्हणजे आपल्याच फोनवर नि लॅपटॉपवर, पडद्यावरची बटणं आणि याद्या चालवण्यासाठी प्रसिद्ध झालेलं साधन. त्यातल्या दोषामुळे दूरवरचे सर्व्हर कसे उघडे पडले? याचं उत्तर वेबच्या एका जुन्या प्रश्नात आहे: पान तयार करण्याचं काम कुठे करायचं, वाचणाऱ्याच्या यंत्रावर की पाठवणाऱ्याच्या? तीस वर्षं हे काम इकडून तिकडे सरकतं आहे, आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत कुणीतरी मोजतं. बहुतेकदा ती साधा फोन हातात असलेला माणूस मोजतो. म्हणून हा विषय फक्त डेव्हलपर मंडळींवर सोडून चालणार नाही.

## डबा की शिधा

तुम्ही फोनवर एखाद्या वर्तमानपत्राचा पत्ता टाकता. ती विनंती तारांतून प्रवास करत एका दूरच्या संगणकाकडे पोचते. तो सर्व्हर. विनंती करणारा तुमचा ब्राउझर हा क्लायंट. दोघांच्या मध्ये इंटरनेट.

तुम्हाला दिसणारं पान सर्व्हरवर बहुधा जसंच्या तसं ठेवलेलं नसतं. बातम्या एका डेटाबेसमध्ये असतात, छायाचित्रं दुसरीकडे, तुम्ही लॉगिन केलं असेल तर तुमचं नाव तिसरीकडे. हे सगळं गोळा करून त्याची मांडणी करावी लागते. ही जुळवाजुळव कुणी करायची, एवढाच मूळ प्रश्न आहे.

खानावळीतून जेवण मागवलंय असं धरा. एका पद्धतीत भरलेला डबा येतो: उघडा आणि जेवा. दुसऱ्या पद्धतीत शिधा येतो: तांदूळ, डाळ, मसाला आणि कसं रांधायचं याची चिठ्ठी. चूल तुमची, गॅस तुमचा, वेळ तुमचा. पण एकदा शिधा घरात आला की पुन्हा भूक लागल्यावर खानावळीत जावं लागत नाही, आणि मीठ-तिखट हवं तसं घालता येतं.

सर्व्हरने पान पूर्ण तयार करून पाठवलं की तो डबा. याला सर्व्हर साइड रेंडरिंग म्हणतात. सर्व्हरने जवळजवळ कोरं पान, कच्ची माहिती आणि जावास्क्रिप्ट भाषेतला कोड पाठवला, नि तुमच्या फोनने तो कोड चालवून पान उभं केलं, की तो शिधा. हे क्लायंट साइड रेंडरिंग. यापुढे मी नुसतं 'सर्व्हरवर' आणि 'ब्राउझरमध्ये' एवढंच म्हणणार आहे.

## काम ब्राउझरकडे सरकलं कसं

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत घडवलेलं वेब 1991 मध्ये जगासाठी खुलं झालं, तेव्हा ब्राउझरला फक्त आलेलं पान दाखवता येत होतं. मे 1995 मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आयख यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. कामं किरकोळ होती: अर्जातला रकाना रिकामा राहिला तर टोकणं, चित्र बदलणं.

खरं वळण आलं ते मायक्रोसॉफ्टच्या ईमेलमुळे. आउटलुकची ब्राउझरमधली आवृत्ती बनवताना, नवीन पत्र आलं म्हणून सगळं पान पुन्हा लोड करणं त्यांना नको होतं. त्यासाठी 1999 च्या इंटरनेट एक्सप्लोरर 5 मध्ये एक सोय आली: पान तसंच ठेवून मागच्या मागे सर्व्हरकडून फक्त नवी माहिती आणायची. काही वर्षं तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मग 1 एप्रिल 2004 ला जीमेल आलं आणि फेब्रुवारी 2005 मध्ये गूगल मॅप्स. त्याआधीच्या ऑनलाइन नकाशांत उजवीकडे सरकायचं तर बाणावर क्लिक करून नवं पान येण्याची वाट पाहायची. गूगल मॅप्समध्ये नकाशा धरून ओढला की सरकतो! आज यात विशेष वाटत नाही, पण ब्राउझर हा नुसता दाखवणारा नसून काम करणारा आहे, हे लोकांना या नकाशाने पटवलं.

पुढे या विचाराने सगळंच व्यापलं. ब्राउझरमध्ये पानं उभी करायची तयार साधनं आली: 2010 मध्ये अँग्युलर, 2013 मध्ये फेसबुकचं रिॲक्ट, 2014 मध्ये व्ह्यू. पूर्ण वेबसाइट म्हणजे ब्राउझरमध्ये एकदाच उतरवलेला एक मोठा कार्यक्रम, अशी रचना रूढ झाली. कंपन्यांना ती आवडण्याची कारणंही पटण्यासारखी होती. सर्व्हरने फक्त कच्ची माहिती द्यायची, तीच माहिती वेबसाइट, अँड्रॉइड ॲप आणि आयफोन ॲप तिघांना पुरते. फ्रंटएंडची, म्हणजे पडद्यावरची बाजू लिहिणारी टीम वेगळी, बॅकएंडची, म्हणजे सर्व्हरची बाजू लिहिणारी वेगळी, दोघांना एकमेकांसाठी थांबायला नको. शिवाय पान जुळवण्याचा सगळा भार लाखो लोकांच्या फोनवर वाटला गेल्यामुळे सर्व्हरचं बिल कमी. चुलीचा गॅस गिऱ्हाइकाचा होता ना.

## ट्विटर गेलं आणि परत आलं

नकाशासाठी जे योग्य, ते ट्विटरवरची (आताचं एक्स) तेव्हाची 140 अक्षरं वाचण्यासाठीही योग्य का? ट्विटरने 2010 मध्ये आपली वेबसाइट नव्याने बांधली आणि पान जुळवण्याचं काम ब्राउझरकडे दिलं. त्यासाठी पत्त्यांमध्ये # आणि ! ही चिन्हं आली. इथे एक तांत्रिक बारकावा आहे, पण तो कळला की पुढचं सगळं कळतं. वेबच्या नियमानुसार पत्त्यातला # च्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही; तो पानातल्या पानात वापरण्यासाठी असतो. म्हणजे तुम्ही कुणाचं ट्विट उघडताय हे सर्व्हरला माहीतच नाही. तो आधी रिकामं पान देणार, मग भलामोठा कोड, मग तो कोड तुमच्या यंत्रावर चालून पत्ता वाचणार, मग सर्व्हरकडे परत जाऊन ते ट्विट मागणार. दोन ओळी वाचायला एवढी वारी.

मे 2012 मध्ये ट्विटरने पान तयार करण्याचं काम पुन्हा सर्व्हरवर आणलं. पहिल्यांदा पान उघडायला लागणारा वेळ आधीच्या एक पंचमांशावर आल्याचं त्यांच्या अभियंत्यांनी जाहीरपणे लिहिलं.

हे घडलं 2012 मध्ये, आणि तरीही पुढची अनेक वर्षं साध्या माहितीच्या वेबसाइटही ब्राउझरमध्येच रांधल्या जात राहिल्या. मला वाटतं, याचं एक कारण डेव्हलपरच्या टेबलावर आहे. ज्या यंत्रावर वेबसाइट तयार होते ते महागडं, वेगवान आणि वायफायला जोडलेलं असतं. कित्येकदा तर सर्व्हरही त्याच लॅपटॉपवर चालू असतो. तिथे सगळंच झटक्यात उघडतं.

## पण आता 5जी आहे, फोनही वेगवान आहेत

हा आक्षेप पहिल्यांदा येतो, आणि तो मनापासून घेतलेला असतो. ऑक्टोबर 2022 पासून भारतात 5जी आहे हे खरंच. पण 5जीने वाढतो तो एका वेळी किती माहिती वाहून जाते याचा आकडा. एक फेरी मारायला लागणारा वेळ ही निराळी गोष्ट, आणि तिला निसर्गाची मर्यादा आहे.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं व्हर्जिनिया, जिथे जगातली पुष्कळ मोठी डेटा सेंटर आहेत, सरळ रेषेत 12-13 हजार किलोमीटर. जाऊन येऊन 25 हजार. म्हणजे तार अगदी सरळ टाकली तरी एका फेरीला सेकंदाचा आठवा भाग लागणारच. तारा सरळ नसतात, वाटेत थांबे असतात. प्रत्यक्षात पाव सेकंद धरून चालावं.

आता फेऱ्या मोजा. जोडणी करायला एक. ती सुरक्षित करायला, म्हणजे पत्त्यापुढचं कुलूप लागायला, आजच्या पद्धतीत आणखी एक. पान मागायला तिसरी. आलेलं पान रिकामं असेल तर कोड आणायला चौथी. तो कोड चालल्यावर 'हा माणूस कोण' हे विचारायला पाचवी, त्या उत्तरावरून त्याची यादी मागायला सहावी, यादीतल्या वस्तूंचे तपशील आणायला सातवी. या फेऱ्या एकामागून एक होतात, कारण आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढे काय विचारायचं हेच ब्राउझरला ठाऊक नसतं. सात गुणिले पाव सेकंद. 5जी असो वा नसो.

हीच जुळवाजुळव सर्व्हरवर केली तर? सर्व्हर आणि त्याचा डेटाबेस बहुधा एकाच इमारतीत असतात. त्यांच्यातली फेरी एक-दोन मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांची. शेवटचे तीन प्रश्न तिथल्या तिथे विचारून झाले, तुमच्यापर्यंत एकच भरलेला डबा आला. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुण्यासह तीन भारतीय शहरांत आणि ॲमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत क्लाउड सेवा, म्हणजे भाड्याने सर्व्हर देणं, सुरू केली, तेव्हापासून आपल्या बाजूच्या वेबसाइटना फेरीचा वेळही खूप कमी करता येतो. तरी कोकणात घाटाखाली, जिथे रेंज येते-जाते, तिथे टॉवरपर्यंतची पहिली उडीच कठीण असते. फेऱ्या जितक्या कमी, तितकी वाटेत काही हरवण्याची शक्यता कमी.

फोनच्या वेगाचंही तसंच. 200 केबीचं छायाचित्र आणि 200 केबीचा जावास्क्रिप्ट कोड उतरायला सारखाच वेळ लागतो, पण उतरल्यानंतरचं काम सारखं नाही. छायाचित्र उलगडून दाखवलं की संपलं. कोड मात्र वाचायचा, समजून घ्यायचा, यंत्राच्या भाषेत आणायचा आणि मग चालवायचा. हे काम मुख्यतः एकाच रांगेत होतं, आणि तुमच्या बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद देण्याचं कामही त्याच रांगेत उभं असतं. म्हणून पान दिसत असतानाही बटण दाबल्यावर काही होत नाही. आपण पुन्हा दाबतो, आणि मग दोनदा दाबल्याचा परिणाम एकदम येतो. मोबाइलवरच्या मध्यम वजनाच्या वेबपानाला आज 500 केबीहून जास्त जावास्क्रिप्ट लागते. महागडा फोन ती सहज पचवतो. स्वस्त फोनला त्याच कोडसाठी कित्येक पट वेळ लागतो, बॅटरीही जाते. स्पर्शाला 200 मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, ही गूगलने मार्च 2024 पासून वेबसाइट जोखण्याच्या आपल्या मुख्य निकषांत घेतलेली अपेक्षा त्याच दुखण्यावर बोट ठेवते.

## मग दोन्हीकडे केलं तर?

नेमकं हेच केलं गेलं. 2016 मध्ये आलेल्या नेक्स्ट या रिॲक्टवरच्या चौकटीने, म्हणजे वेबसाइट उभारायच्या तयार सांगाड्याने, असा मार्ग लोकप्रिय केला: पहिलं पान सर्व्हरवर तयार करून पाठवायचं, म्हणजे लगेच दिसेल, मागोमाग तोच कोड ब्राउझरलाही पाठवायचा, म्हणजे बटणांमध्ये जीव येईल. या दुसऱ्या पायरीला हायड्रेशन म्हणतात. दिसायला उत्तम, पण यात डबाही येतो आणि शिधाही. फोन तोच स्वयंपाक पुन्हा करून पाहतो, डब्यातल्याशी जुळतोय ना याची खात्री करतो, आणि तोपर्यंत पान नुसतं बघण्यापुरतं असतं.

या दुहेरी कामावर तोडगा म्हणून रिॲक्टच्या मंडळींनी डिसेंबर 2020 मध्ये एक नवी कल्पना मांडली. पानाचे काही तुकडे फक्त सर्व्हरवरच बनतील, त्यांचा कोड ब्राउझरकडे जाणारच नाही; काही तुकडे ब्राउझरमध्ये जगतील; आणि दोघं एकमेकांशी एका खास पद्धतीने बोलतील. डिसेंबर 2024 च्या रिॲक्ट 19 मध्ये ही सोय पक्की झाली. कल्पना चांगली आहे, आजही माझं मत तेच आहे. पण इथे सुरुवातीच्या बातमीचा उलगडा होतो. ब्राउझरकडून त्या खास पद्धतीने बांधून आलेला मजकूर सर्व्हर उलगडत असे, आणि उलगडताना आत काय आहे याची पुरेशी झडती घेत नसे. त्यातूनच परक्याचा कोड सर्व्हरवर चालायला वाट मिळाली. ज्यांनी स्वतः अशी देवघेव करणारं काहीही लिहिलं नव्हतं, नुसती ती सोय असलेली चौकट वापरली होती, त्यांचेही सर्व्हर धोक्यात होते.

एकाच फाइलमध्ये सर्व्हरवरचा आणि ब्राउझरमधला कोड शेजारी शेजारी लिहिता येणं सोयीचं आहे. पण त्या दोन ओळींच्या मध्ये इंटरनेट आहे, आणि पलीकडे कुणीही असू शकतं. हे लिहिणाऱ्याच्या नजरेआड झालं की धोका वाढतो.

## ब्राउझरमध्ये तपासणी केली की पुरे नाही का?

नाही. या एका प्रश्नावर तडजोड नको.

ब्राउझरमध्ये जे पोचतं ते वापरणाऱ्याच्या ताब्यात जातं. त्याला ते वाचता येतं, बदलता येतं, बदलून परत पाठवता येतं. पडद्यावर दिसत नाही म्हणजे तिथे नाही, असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर शिक्षकांची माहिती शोधता येत असे. ऑक्टोबर 2021 मध्ये सेंट लुइसमधल्या एका वर्तमानपत्राच्या पत्रकाराच्या लक्षात आलं की पानाच्या मूळ मजकुरात शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांकही आहेत. तिथे या क्रमांकावरून माणसाची आर्थिक ओळख ठरते. एक लाखाहून अधिक शिक्षकांची माहिती अशी उघडी होती. वर्तमानपत्राने आधी खात्याला कळवलं, दुरुस्ती होईपर्यंत बातमी रोखली. तरी राज्याच्या गव्हर्नरांनी हे हॅकिंग आहे म्हणत खटल्याची भाषा केली. फेब्रुवारी 2022 मध्ये सरकारी वकिलांनी गुन्हा दाखल करायला नकार दिला. कुणी काही फोडलेलं नव्हतं; खात्याच्या सर्व्हरनेच ती माहिती प्रत्येक पाहुण्याच्या ब्राउझरला दिली होती.

याउलट एक निरुपद्रवी उदाहरण. वर्डल हा शब्दखेळ 2021 च्या अखेरीस जगभर पसरला तेव्हा रोजच्या उत्तरांची सगळी यादी, दोन हजारांहून जास्त शब्द, ब्राउझरला पाठवलेल्या कोडमध्येच होती. कुणीही उघडून पुढच्या कित्येक दिवसांची उत्तरं वाचू शकत होता. बिघडलं काहीच नाही, कारण ज्याने वाचली त्याचाच खेळ गेला. म्हणजे गुपित कुणाचं आणि फसवणुकीत नुकसान कुणाचं, हे पाहून ठरवायचं.

ब्राउझरमधली तपासणी वाया जात नाही. मोबाइल क्रमांकात नऊच आकडे पडले तर लगेच सांगणं, हे ब्राउझरनेच करावं. त्यासाठी सर्व्हरपर्यंतची फेरी कशाला? पण तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा झालीच पाहिजे. पहिली माणसाच्या सोयीसाठी, दुसरी सत्यासाठी.

ही विभागणी किती नेटकी होऊ शकते ते यूपीआयमध्ये दिसतं. तुम्ही पिन टाकता तो पडदा पैसे पाठवणाऱ्या ॲपचा नसतो. तो यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने दिलेला भाग असतो. पिन तुमच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि तो बरोबर आहे का हे तुमची बँक ठरवते. ॲपला पिन कळत नाही. फोनचं काम लपवणं, बँकेचं काम निवाडा करणं.

## सगळंच सर्व्हरवर का नेऊ नये?

इथवर वाचून तसं वाटेल. पण ते दुसऱ्या टोकाचं होईल.

काही कामं बोटाशी बांधलेली असतात. नकाशा ओढणं, चित्रावर रेघ काढणं, लिहिता लिहिता शब्द ठळक करणं. प्रत्येक हालचालीला सर्व्हरची परवानगी मागितली तर हात थबकेल. शिवाय नेट गेल्यावर काय? फ्लिपकार्टने नोव्हेंबर 2015 मध्ये आणलेली मोबाइल वेबसाइट याच काळजीतून घडली: आधी पाहिलेली पानं ब्राउझरने स्वतःजवळ ठेवायची, जोडणी तुटली तरी पडदा कोरा होऊ द्यायचा नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मिंत्राने वेबसाइट बंद करून फक्त ॲपवर भर दिला होता. पुढच्या वर्षी त्यांना वेबसाइट परत आणावी लागली. आणि 'आमचं तर ॲप आहे, हा प्रश्न आम्हाला नाही' असं वाटत असेल, तर ॲपही क्लायंटच असतो. त्यात दडवलेली किल्लीही जाणकाराला काढता येते.

तात्काळ तिकिटाचा प्रसंग घ्या. वातानुकूलित वर्गासाठी सकाळी 10, बाकीच्यांसाठी 11. देशभरातून लोक एकाच मिनिटाला येतात. प्रवाशाचं वय आकड्यात आहे ना, नाव रिकामं नाही ना, हे ब्राउझरने पाहावं म्हणजे सर्व्हरला फुकट हेलपाटा नाही. पण उपलब्ध जागांचा आकडा फक्त सर्व्हरचा. पडद्यावरचे '12 उपलब्ध' तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचेपर्यंत जुने झालेले असतात. ब्राउझरमधली माहिती ही नेहमी प्रतच असते. समाजमाध्यमावर हृदयाचं चिन्ह दाबताक्षणी लाल होतं, सर्व्हरचा होकार मागून येतो. नकार आला तर रंग परत जातो, कुणाचं काही अडत नाही. बर्थ मिळाला असं आधी दाखवून मग नाही म्हणणं चालणार नाही.

दहावीच्या निकालाला मात्र फार विचार लागत नाही. दुपारी 1 वाजता राज्यातले 15 लाखांच्या आसपास विद्यार्थी एकाच वेळी आठ-दहा ओळींची गुणपत्रिका पाहायला येतात. निकाल आदल्या दिवशीच ठरलेला असतो, त्या क्षणी काहीही मोजायचं नसतं. प्रत्येकाला 10 केबीचं तयार पान दिलं तर एकूण 15 जीबी. तेच दाखवायला प्रत्येकी 500 केबीचा कोड पाठवला तर 750 जीबी, आणि तेही त्याच काही मिनिटांत. अशा जागी पानं आधीच तयार करून ठेवावीत. ना फोनने रांधायचं, ना सर्व्हरने त्या घाईत.

आणि एक गोष्ट आहे जिच्याबद्दल मला सर्वांत जास्त तळमळ वाटते. नोकरीचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना फोटो नि सही ठरावीक केबीत बसवावी लागते, कागदपत्रांची एकच पीडीएफ करावी लागते. मुलं शोधून मिळेल त्या फुकट वेबसाइटवर आधार, पॅन, गुणपत्रिका चढवतात. त्या फाइली कुठल्या सर्व्हरवर गेल्या, किती दिवस राहिल्या, कुणी पाहिल्या, काही कळायला मार्ग नाही. आणि यातलं जवळजवळ काहीच सर्व्हरवर करण्याची गरज नसते! छायाचित्र लहान करणं, पीडीएफ जोडणं, कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणं, ही कामं आजचा ब्राउझर स्वतः करू शकतो. 2017 पासून मोठ्या ब्राउझरांत असलेल्या वेबअसेंब्लीमुळे तर सी भाषेत लिहिलेली जड साधनंही तिथे चालतात. इथे काम ब्राउझरकडेच हवं, कारण माहिती वापरणाऱ्याची आहे आणि तिने त्याच्या हातातून निघायचं कारण नाही.

अशी वेबसाइट वापरण्याआधी एक चाचणी करता येते. पान पूर्ण उघडू द्या, मग विमान मोड लावा आणि आधी एखादी बिनमहत्त्वाची फाइल टाकून पाहा. काम झालं तर ते तुमच्या फोनवरच होत आहे. अडलं तर फाइल बाहेर जाते असं धरून चाला. पहिल्या प्रकारातही महत्त्वाचं कागदपत्र असेल तर काम आटोपून ती खिडकी बंद केल्यावरच नेट चालू करावं.

## वेबसाइट करून घेणाऱ्याने काय पाहावं

शाळा, पतसंस्था, छोटं दुकान, गृहउद्योग. आज प्रत्येकाला वेबसाइट हवी असते, आणि कोणती चौकट वापरली हे त्यांना कळण्याची अपेक्षा नाही. पण घेताना पाहणं शक्य आहे. सादरीकरण डेव्हलपरच्या लॅपटॉपवर बघू नका. आपल्या गिऱ्हाइकाकडे असतो तसा फोन घ्या, वायफाय बंद करा, आणि आधी कधीच न उघडल्यासारखी, खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत वेबसाइट उघडा. पत्ता, वेळ, दर, फोन क्रमांक एवढं वाचायला किती थांबावं लागतं? मग लॅपटॉपवर उजवं बटण दाबून पानाचा मूळ मजकूर पाहा. पडद्यावर दिसणारी वाक्यं त्यात असतील तर पान सर्व्हरवरून तयार आलं आहे. जवळजवळ काहीच नसेल तर ते ब्राउझरमध्ये बनतं आहे. माहिती देणाऱ्या वेबसाइटला त्याची गरज काय, हे विचारा. शोधयंत्रांनाही तयार मजकूर वाचणं सोपं जातं.

ऑनलाइन विक्री असेल तर शेवटची परीक्षा डेव्हलपरकडूनच समोर बसून करून घ्या. 499 रुपयांची वस्तू टोपलीत टाका. ऑर्डर पाठवण्याआधी त्याला ब्राउझरच्या साधनांतून सर्व्हरकडे जाणारी किंमत 1 रुपया करायला सांगा, आणि मग ऑर्डर पाठवा. सर्व्हरने स्वतःच्या नोंदीतला दर काढून 499 च मागितले तर डेव्हलपरचे पैसे चुकते करा. 1 रुपयाला ऑर्डर पक्की झाली तर आधी ते दुरुस्त करून घ्या.